आभाळातली धूळ आणि आत्याचे पापड

माझी शेवटची नोकरी आभाळातली धूळ मोजायची होती. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या घरातल्या कपाटांवरून नजर फिरवतात. सून तर पाहुण्यांसमोर सरळ म्हणते, "आईंनी ग्रहताऱ्यांमधली धूळ मोजली, पण पंख्यावरची त्यांना कधी दिसली नाही." म्हणू दे. पंख्यावरची धूळ सेकंदाला वीस किलोमीटर वेगानं येत नाही, त्यामुळे मला तिच्यात रस नाही.

यंत्र म्हणाल तर जेवणाच्या डब्याएवढं. यानाच्या बाहेरच्या अंगाला एक पातळ पत्रा लावायचा आणि त्याच्या पाठीला एक स्फटिक चिकटवायचा. त्या स्फटिकाची खोड अशी की धक्का बसला की तो जराशी वीज सोडतो. कण येतो, पत्र्यावर आदळतो, पत्रा थरथरतो, स्फटिक वीज सोडतो आणि यंत्र आपला आकडा एकानं पुढे ढकलतं. वीज किती निघाली त्यावरून कण केवढा होता आणि किती जोरात आला याचा अंदाज बांधायचा. कण कसला, तर डोळ्याला दिसणारही नाही असा. पण अकोल्याहून सुटला तर दोन सेकंदांत शेगावला. दुसरी एक तऱ्हा असते. तिच्यात पत्र्याऐवजी कागदाहून पातळ पापुद्रा ताणून ठेवतात. कणानं त्याला भोक पाडलं की पापुद्र्यातली वीज हलते आणि तेवढ्यावरून भोक केवढं पडलं ते कळतं.

नवीन आलेल्या इंजिनिअर पोरांना मी हे समजावून सांगत असे, तेव्हा ती माना डोलवत वह्या भरत आणि मी मनातल्या मनात हसत असे. कारण हे यंत्र मी सोळाव्या वर्षी सोनाळ्याला आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, बनवलं होतं. उडदाच्या पापडाचं. आणि सपशेल तोंडावर आपटले होते.

मी तेव्हा अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकत होते. आमच्या पुस्तकांवर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं छापलेलं असे आणि ती पुस्तकं काखेत मारून चालताना मला वाटे, सगळा मध्यप्रांत माझ्या काखेत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शेगावपर्यंत रेल्वेनं आणि पुढे एका खटारा मोटारीनं घरी आले, ती डोकं शास्त्रानं टम्म फुगवून. शाळा सुटायच्या आधी आमच्या शास्त्राच्या बाईंनी सांगितलं होतं की आभाळातून रात्रंदिवस धूळ पडत असते. उल्का जळतात त्यांची राख, धूमकेतूंचा चुरा, असलं काय काय. घरांवर, डोक्यांवर, ताटांतसुद्धा. मला ही गोष्ट इतकी आवडली की मोटारीत शेजारी बसलेल्या बाईलाही मी ती सांगितली. तिनं आपल्या शिदोरीवर पदर टाकला आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

आमच्या घरी आत्या होती. बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली ती कायमचीच. तिला कुणी वाकडं बोलत नसे, पण काही विचारतही नसे. गाय ठेवायची की विकायची, शेतात काय पेरायचं, पाहुण्यांना कुठं झोपवायचं, यातलं काही आत्याला विचारावं असं कुणाच्या डोक्यातच येत नसे. फक्त वैशाख आला की सगळं पालटे. तो एक महिना आत्या राणी असे. सगळ्या आळीच्या पापडांचं पीठ तिच्या हाताखालून जाई. घराघरांतून डाळ तिच्याकडे येई. ती निवडायची, दळून वस्त्रगाळ करून घ्यायची, पापडखाराच्या पाण्यात पीठ मळायची, तेलाचा हात लावून कुटायची आणि दोऱ्यानं लाट्या कापून द्यायची. बाकीच्या दहाबारा जणी आमच्या धाब्यावर बसून नुसत्या लाटायच्या. त्या दिवशी माझी माय आत्याला विचारे, "बाई, पाणी आणू का?" वर्षातून तेवढंच.

त्या साली समोरच्या काकीच्या पोरीचं लग्न होतं. काकी म्हणजे आमच्या दारासमोरचं घर. बाई मनानं मोकळी, पण जिभेला हाड नाही. मुलाकडची माणसं बोलणी करायला आली तेव्हा तिनं आत्याच्या हातचे नवे पापड भाजून वाढले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या ओसरीवर येऊन उभी राहिली.

"बाई, तुह्या पापडात कचकच आहे," ती आत्याला म्हणाली. "पोराच्या मावशीनं घास गालात धरून ठेवला अन् माह्या तोंडाकडं पाह्यत बसली. न गिळते, न थुकते."

"जात्याचं असन," आत्या म्हणाली.

"जात्याले टाकी दिवाळीत मारली. तवापासून पोळीले कवा कचकच आली नाही. डाय कोणं निवडली होती?"

डाळ कुणी निवडली हे काकीला माहीत होतं. सगळ्या आळीला माहीत होतं. आत्या कुणाला डाळीला हात लावू देत नसे.  काकी पुढं बोलली नाही, म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं बघा. संध्याकाळपर्यंत आळीत बोभाटा झाला की म्हातारीचे डोळे गेले, आणि रुखवताचे पापड यंदा दुसरीकडं करून घ्यावेत. लाटायचा दिवस गुरुवारचा ठरला होता. म्हणजे चार दिवस होते.

माझं डोकं तापलं. डोळे गेले म्हटल्यावर आत्याचा तो एक महिनाही जाणार. मग चुलीपासून उठवणार, विळीपासून उठवणार आणि एका कोपऱ्यात सतरंजी टाकून देणार. हे मी दुसऱ्या एका घरात होताना पाहिलं होतं. त्या दुपारी आत्या दारात सूप घेऊन बसली होती. डाळ बोटांनी पुढंमागं करत होती, बघत होती रस्त्याकडे. मला वाटलं, रागानं डाळ चिवडते आहे.

"आत्या," मी म्हटलं, "कचकच डाळीतली नाहीच. ती आभाळातून येते."

मी तिला सगळं सांगितलं. उल्का, धूमकेतू, राख. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"इतके वर्स येत नव्हती," ती म्हणाली. "यंदाच काऊन येऊन राह्यली?"

"यंदा वारा जास्त आहे."

हे उत्तर मला डोळ्याची पापणी लवायच्या आत सुचलं. पुढं आयुष्यभर मी तरुण पोरांना सांगत आले की इतक्या लवकर सुचलेल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं. मी तडक समोर गेले आणि काकीला ठणकावलं की गुरुवारी सगळ्यांसमोर सिद्ध करून दाखवते, पापड धाब्यावर वाळतात तेव्हा वरून धूळ पडते, आत्याचा दोष नाही.

काकी पायावर पाय टाकून बसली होती. "नाचता येईना अंगण वाकडं म्हंतात," ती म्हणाली. "तुमच्या घरी तं आभायच वाकडं."

आता मागं फिरणं शक्य नव्हतं. परसात बूड फुटलेली दोन मडकी होती, ती मी आणली. आत्यानं काकीच्याच उरलेल्या पिठातून दोन पापड लाटून दिले, पलीकडचा उजेड दिसेल इतके पातळ. ओला पापड मडक्याच्या तोंडावर ताणून बसवला, कडेला पिठाचा लेप दिला. वाळल्यावर तो असा ताठ झाला की टिचकी मारली की वाजे. मडकं आडवं ठेवायचं, पापडाचं तोंड वाऱ्याकडे, पश्चिमेला, आणि फुटक्या बुडाला आपला कान. कण पापडावर आदळला की आवाज येणार, आवाज आला की कोळशानं धाब्याच्या कठड्यावर रेघ. दुसरं मडकं तसंच, पण टोपल्याखाली, वर जाड धोतर. बाईंनी शिकवलं होतं की ज्याला काही झालेलं नाही असा एक नमुना शेजारी ठेवावा. ते मी शिकवलं तसं केलं, त्यामागचं डोकं कळून नव्हे.

भर वैशाखाच्या दुपारी मी धाब्यावर आडवी पडून मडक्याला कान लावला. आणि टक. थोड्या वेळानं टक, टक. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, साक्षात धूमकेतू दार वाजवतो आहे. मी रेघ मारली. खालून माय ओरडली, "कान भाजून घेशीन!" समोरच्या घरातून कुणीतरी म्हणालं, "पोट्टी पापडाचं आयकून राह्यली. अकोल्याचं ऊन बाधलं." मी लक्ष दिलं नाही. थोर माणसांना हसतातच.

मग आत्या जिना चढून वर आली. भिंतीला हात लावत लावत आली, माझ्याजवळ बसली आणि माझ्या डोक्यावर ऊन येऊ नये म्हणून पदर धरून राहिली.

"किती झाले?" ती विचारी.

"एकवीस."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता किती?"

"चौतीस."

तिचा चेहरा प्रत्येक आकड्याला जरा जरा उजळत होता. मला इतका आनंद कधी झाला नव्हता. ऊन उतरेपर्यंत साठावर रेघा झाल्या. मी आत्याला म्हटलं, बघ, आभाळ कसं पकडलं.

दुसऱ्या दिवशी मी टोपल्याखालच्या मडक्याला कान लावला. तिथं शांतता असायला हवी होती. वर टोपलं, टोपल्यावर धोतर, धूळ जाणार कुठून? मी कान लावून पडून राहिले. टक. मला वाटलं, माझाच दात वाजला. टक, टक. तितकेच, कदाचित दोनचार जास्तच. ऊन चढत गेलं तसा पापड आणखी वाळत होता, कडेनं आवळत होता आणि स्वतःच टकटक करत होता. माझा धूमकेतू म्हणजे उडीद होता.

आता इथं माझ्या जिवाला जरा बरं वाटतं, कारण पुढं मला कळलं की मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही हेच केलं होतं. यानांवर बसवलेल्या सुरुवातीच्या यंत्रांनी पृथ्वीभोवती धुळीचे लोट आहेत असं सांगितलं होतं. बरेच दिवस लोकांनी ते खरं धरलं. मग लक्षात आलं की यान उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जातं, तेव्हा पत्राच तापतो, निवतो आणि कुरकुरतो. यंत्र आपल्याच घरातला आवाज मोजत होतं. म्हणून त्यानंतर अशा यंत्रांत एक पत्रा झाकलेला ठेवू लागले. बाहेरचं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो जे काही सांगतो ते आपलं स्वतःचं, आणि तेवढं उघड्याच्या आकड्यातून वजा करायचं. आमच्या यंत्रात तो झाकलेला पत्रा मी स्वतः बसवत असे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. आत्याचीच भाची.

पण त्या दिवशी मी सोळा वर्षांची होते आणि मला वजाबाकी करायची नव्हती. म्हटलं, आवाज जाऊ दे, खाऊनच बघू. उघडा पापड काढून निखाऱ्यावर भाजला. कच. बरोबर. मग झाकलेला काढला. भाजायच्या आधी बाबांचं पंचांग वाचायचं भिंग त्याच्यावर धरलं. करडे बारीक ठिपके दिसले, आणि ते वर चिकटलेले नव्हते. आत लाटले गेले होते. नखानं खरवडून पाहिलं, तरी निघेनात. त्यातलाच थोडा भाजून दाताखाली धरला. कच. अगदी तितकीच.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. खडा डाळीतच होता. जात्यात भरडला गेला, वस्त्रातून गाळला गेला, पिठात बसला. तेव्हा मला ते दारातलं सूप आठवलं, रस्त्याकडे बघणारी आत्या आठवली आणि भिंतीला हात लावत चढलेला जिना आठवला.  जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, तिच्याच विरुद्ध मी साक्ष गोळा केली होती. मग मी एक काम केलं जे शास्त्रात कुणी करू नये. मी पुरावा खाल्ला. झाकलेल्या पापडाचा तुकडान् तुकडा, कचकच करत, डोळ्यांतून पाणी काढत. उघडा पापडही खाल्ला, म्हणजे तुलनाच नको. रात्री पोट दुखलं ते वेगळंच.

गुरुवारी सकाळी दहाबारा जणी पोळपाट-लाटणी घेऊन धाब्यावर जमल्या. काकीनं डाळ दुसरीकडं दिली नव्हती. ती म्हणाली होती की आधी पोट्टीचं आयकू. आधी आमच्या घरचा गोळा मळायला आत्या बसली आणि काकीनं लाटणं पुसता पुसता मला विचारलं, "सांग वं अकोल्याच्या बाई. काय निघालं?"

मी जी सुटले ती सुटलेच. उल्का सांगितल्या, धूमकेतू सांगितले, पश्चिमेचा वारा सांगितला, कठड्यावरच्या रेघा बोट लावून दाखवल्या. उघड्या पापडात कचकच आणि झाकलेला एकदम लोण्यासारखा, असंही सांगितलं. बायका माना हलवायला लागल्या. एकीनं तर आपल्या पोळपाटावर पदर टाकला.

"मंग झाकलेला आण," काकी म्हणाली. "आपण सगळ्याजणी खाऊन पाहू."

"खाल्ला."

"सगळा?"

"हाव."

सगळ्या खदाखदा हसल्या. मीही हसले. वाटलं, दोघी सुटलो. तेवढ्यात गोळ्यावरचा आत्याचा हात थांबला.

"खोटं बोलून राह्यली ते," आत्या म्हणाली.

 लाटणी थांबली.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटाचं राह्यते काय? माह्ये डोये गेले. दोन वर्स झाले. मी बोटानं निवडत होतो. बोटाले मातीचा खडा समजते, काडी समजते. डायीच्या मापाचा गारेचा खडा नाही समजत." तिनं पिठाचे हात परातीच्या कडेला पुसले. "वहिनी, तुह्या घरी लग्न आहे. तू डाय दुसरीकडं दे. मी रागावत नाही."

मला धाब्यावरून खाली उडी टाकावीशी वाटली. काकी आत्याकडे बघत राहिली. जिभेला हाड नसलेली ती बाई, तिला शब्द सापडायला वेळ लागला हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मग तिनं आपल्या घरच्या, अजून निवडायच्या डाळीचं सूप ओढून आपल्या मांडीवर घेतलं.

"डाय आम्ही निवडतो," ती म्हणाली. "त्याले काय लागते? पण खार किती टाकाचा ते इथं कोणाले समजते, सांगा बरं."

कुणालाच समजत नव्हतं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"मंग मय ना वं बाई," काकी म्हणाली. "ऊन चढून राह्यलं."

आत्यानं पुन्हा हात पिठात घातले. काकीची डाळ निवडून दळली आणि संध्याकाळपर्यंत रुखवताचे पापड झाले. लग्नात पोराच्या मावशीनं चार खाल्ले आणि पाचवा पदरात बांधून नेला, हे काकीनं स्वतः येऊन सांगितलं. त्यानंतरही दर वैशाखात डाळ बाकीच्या निवडत आणि आत्या त्यांच्या डोक्यावर बसून विचारी, "नीट पाह्यली का? माह्यासारखी नाही ना निवडली?" आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसे.

पण त्या गुरुवारनंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाणी मागायचं तर मायकडे मागे. मी समोरून गेले की तोंड फिरवी. मला वाटलं, मी तिची चोरी पकडली म्हणून राग आहे. चौथ्या दिवशी मी तिच्यासमोर जाऊन बसले. ती दारात गोधडीला टाके घालायच्या तयारीत होती.

"तू खोटं काऊन बोलली?" तिनं विचारलं.

"तुझ्यासाठी."

"तुले समजलं होतं ना माह्ये डोये गेले म्हणून?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं की मान हलवलेली तिला दिसणार नाही, म्हणून तोंडानं म्हटलं, "हाव."

"तं आंधी मले सांगाचं होतं," ती म्हणाली. "दोन वर्स मी एकटीच होतो त्याच्यात. तुले समजलं तवा दोघी झालो असतो. तू मले नाही सांगतलं अन् लोकाईले सांगत बसली."

 तिनं सुई आणि दोरा चाचपून काढला आणि माझ्यापुढं धरला.

"घे, ओव. मले दिसत नाही."

हे ती दारात बसून, रस्त्यानं जाणाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. मला इतकं रडू फुटलं की सुईचं नाक सापडेना. दोरा तीनदा बाजूनं गेला. आत्या हात पुढं करून वाट बघत होती.

"अकोल्याच्या शायेत हे शिकवत नाही वाट्टे," ती म्हणाली.